काळ्या पाषाणाचा वाद

मराठी भाषेंत दगड हा शब्द जडत्वाचा आणि स्थैर्याचा वाचक होऊन बसला आहे. ज्याच्या अंतःकरणाला पाझर फुटत नाहीं तो पाषाणहृदयी. जी गोष्ट कधीं बदलणार नाहीं ती काळ्या दगडावरची रेघ. स्वयंपाकघरांतील पाटा आणि वरवंटा, ओसरीवरील जातें, देवळाच्या गाभाऱ्यांतील मूर्ति आणि गडाचा तट हीं बहुधा एकाच काळ्या पाषाणाचीं; आणि त्यांच्याकडे पाहून मनुष्याला असें वाटत आलें कीं, पिढ्या येतात आणि जातात, दगड मात्र होता तेथें आणि होता तसाच राहतो. वस्तुस्थिति याच्या उलट आहे. दगडाला जन्म आहे, झीज आहे, अंत आहे आणि अंतानंतर नव्या रूपानें पुनर्जन्महि आहे. आज ही गोष्ट शाळेंतील मुलगाहि सांगूं शकतो. परंतु ती सिद्ध होण्यापूर्वीं युरोपांतील विद्वानांत अर्धें शतक कडाक्याचा वाद माजला होता. आणि त्या वादाच्या केंद्रस्थानीं होता नेमका हा काळा पाषाण. त्याचा जन्म पाण्यांत झाला कीं अग्नींत, हा तो प्रश्न.

वादाचें मर्म कळण्यासाठीं आज सर्वमान्य असलेली व्यवस्था आरंभींच सांगणें सोयीचें होईल. भूगर्भशास्त्र खडकांचे तीन वर्ग मानतें. पृथ्वीच्या पोटांतील वितळलेला शिलारस थिजून जे खडक होतात ते अग्निजन्य. हा रस खोलवरच राहून हजारों वर्षें सावकाश निवाला तर त्यांत डोळ्यांना सहज दिसतील एवढे मोठे स्फटिक वाढतात; ग्रॅनाइट हें त्याचें उदाहरण. तो भूपृष्ठावर येऊन झपाट्यानें निवाला तर दाणा अतिशय बारीक राहतो. काळा पाषाण, म्हणजे शास्त्रज्ञांचा बेसॉल्ट, हा या जातीचा. दोहोंच्या घटकद्रव्यांतहि भेद आहे: ग्रॅनाइटांत सिलिका अधिक, बेसॉल्टांत लोह व मॅग्नेशियम अधिक. दुसरा वर्ग गाळाच्या खडकांचा. ऊन, पाऊस, वारा आणि नद्या जुन्या खडकांचा चुरा करून तो सखल जागीं नेऊन टाकतात. थरावर थर सांचतात, वरच्या भारानें खालचे दाबले जातात, आणि पाण्यांत विरघळलेलीं द्रव्यें कणाला कण सांधून टाकतात. वाळूचा वालुकाश्म होतो, चिखलाचा शेल होतो, शिंपल्यांची आणि प्रवाळांची चुनखडी होते. तिसरा वर्ग रूपांतरित खडकांचा. पहिल्या दोन वर्गांतील खडक पुन्हां खोल गाडले जाऊन उष्णता व दाब यांच्या कचाट्यांत सांपडले, तर न वितळतांच त्यांतील खनिजें नव्यानें जुळतात. चुनखडीचा संगमरवर होतो. आणि शेलपासून तो पापुद्र्यांचा दगड बनतो, ज्याच्या पाट्यांवर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनीं मुळाक्षरें गिरविलीं. यांपैकीं कोणताहि वर्ग कायमचा नव्हे. अग्निजन्य खडक झिजून गाळ होतो, गाळाचा खडक रूपांतर पावतो, रूपांतरित खडक वितळून पुन्हां शिलारस होतो. या चक्राला ज्ञात असा आरंभ नाहीं आणि ठरलेला क्रमहि नाहीं.

सतराव्या शतकापर्यंत युरोपांत असा विचार करण्याचें फारसें कोणाला कारणच पडलें नव्हतें. सृष्टि निर्माण झाली त्या वेळीं दगडहि निर्माण झाले, असें सर्वसाधारण मत होतें. आणि ती वेळहि फार दूरची मानली जात नसे. आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर यानें १६५० मध्यें बायबलांतील वंशावळींचा हिशेब करून जगाचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ या वर्षीं ठरविला होता. या समजुतीला पहिला शास्त्रीय तडा एका माशाच्या दांतांनीं गेला. निकोलस स्टेनो हा डॅनिश वैद्य फ्लॉरेन्स येथें मेदिची घराण्याच्या आश्रयास असतां, १६६६ सालीं एका प्रचंड शार्क माशाचें डोकें त्याच्याकडे तपासणीसाठीं आलें. त्या माशाचे दांत आणि खडकांत सांपडणारे जिभेच्या आकाराचे दगड यांत त्याला विलक्षण साम्य दिसलें. समुद्रांतील प्राण्याचा दांत डोंगरांतील खडकांत आला तो खडक अद्याप चिखल असतांनाच आला असला पाहिजे, असें अनुमान त्यानें काढलें. १६६९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या लहानशा ग्रंथांत त्यानें सांगितलें कीं, गाळाचे थर मुळांत आडवे पडतात, आणि त्यांत खालचा थर जुना व वरचा नवा असतो. एवढ्या साध्या नियमानें डोंगराच्या कड्याला कालक्रम प्राप्त झाला. त्याचीं पानें उलगडून वाचतां येऊं लागलीं.

कांहीं खडक पाण्यांत जन्मले हें एकदां पटल्यावर सर्वच खडक पाण्यांत जन्मले असें मानण्याचा मोह स्वाभाविक होता. या मताला व्यवस्थित शास्त्राचें रूप देणारा पुरुष म्हणजे अब्राहम गॉटलोब वेर्नर. जर्मनींतील सॅक्सनी प्रांतीं फ्रायबर्ग येथें खाणविद्येचें जें विद्यालय होतें त्यांत तो १७७५ सालीं अध्यापक झाला आणि १८१७ मध्यें मृत्यु येईपर्यंत तेथेंच राहिला. त्यानें लिहिलें थोडें. परंतु त्याच्या वाणींत अशी मोहिनी होती कीं, युरोपच्या कानाकोपऱ्यांतून विद्यार्थी त्याच्या पायाशीं येऊन बसत आणि परत जातांना त्याचे शिष्य नव्हे तर भक्त होऊन जात. त्याचा सिद्धान्त असा: आरंभीं साऱ्या पृथ्वीवर एकच महासागर पसरला होता. त्याच्या पाण्यांत विरघळलेलीं द्रव्यें क्रमाक्रमानें खालीं बसलीं. प्रथम ग्रॅनाइट, नंतर इतर कठीण खडक, मग चुनखडी आणि वालुकाश्म. पाणी ओसरत गेलें आणि भूमि उघडी पडत गेली. ज्वालामुखी ही त्याच्या मतें अगदीं अलीकडची, किरकोळ गोष्ट. भूमींतील कोळशाचे थर पेटले म्हणजे आसपासचा दगड वितळतो, एवढाच तिचा अर्थ. रोमन लोकांच्या समुद्रदेवतेवरून या पंथाला नेपच्यूनचा पंथ म्हणत. मराठींत त्यांना जलवादी म्हणणें सुटसुटीत होईल.

सॅक्सनींतच शायबेनबेर्ग नांवाच्या टेंकडीवर काळ्या बेसॉल्टाचे उभे स्तंभ आहेत आणि त्यांच्याखालीं वाळू व चिकणमाती यांचे थर आहेत. वेर्नरनें ही जागा पाहिली आणि १७८८ च्या सुमारास जाहीर केलें कीं, येथें वाळूंतून चिकणमाती, चिकणमातींतून मऊ खडक आणि मऊ खडकांतून बेसॉल्ट असें अखंड संक्रमण दिसतें. अर्थात् बेसॉल्ट हा याच पाण्यांतून खालीं बसला. डोळ्यांनीं पाहिलेलें खरें होतें. त्याचा अर्थ मात्र चुकला होता. बेसॉल्टाचा प्रवाह जुन्या नदीच्या वाळूवरून वाहत गेला कीं खालची माती भाजून निघते व वरचा दगड झिजून मऊ होतो, आणि दोहोंची सीमा पुसट होते. पुसट सीमेला वेर्नर नातें समजला.

या वेळेपर्यंत फ्रान्समध्यें निराळाच पुरावा जमा झाला होता. त्या देशाच्या मध्यभागीं ओव्हेर्न नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. झां एतिएन गेटार हा निसर्गशास्त्रज्ञ १७५१ सालीं तेथून जात असतां, घरें ज्या काळ्या दगडानें बांधलीं होतीं तो पाहून चकित झाला, आणि त्या दगडाचा माग काढीत जाऊन त्यानें ओळखलें कीं, हे हिरवळीनें झांकलेले शंकूच्या आकाराचे डोंगर म्हणजे विझलेले ज्वालामुखी होत. माणसांच्या स्मृतींत त्यांचा उद्रेक नव्हता, इतिहासांत नव्हता. फक्त दगडांत होता. तरीहि स्तंभांच्या रूपांतील बेसॉल्ट हा मात्र पाण्याचाच, असें गेटार पुढेंहि मानीत राहिला. तो उरलेला दुवा निकोला देमारे यानें जोडला. देमारे हा व्यवसायानें सरकारी कारखान्यांचा निरीक्षक. १७६३ सालीं त्याला ओव्हेर्नमध्यें बेसॉल्टाचे स्तंभ दिसले. तो स्तंभांपाशीं थांबला नाहीं; दगडाचा पट्टा दरींतून वर वर शोधीत गेला, आणि तो पट्टा ज्वालामुखीच्या मुखाशींच जाऊन भिडला. अनेक वर्षें त्यानें या मुलखाचा तपशीलवार नकाशा तयार केला व १७७४ मध्यें आपलें काम प्रसिद्ध केलें. वादाच्या गर्दींत तो फारसा शिरला नाहीं. कोणी शंका घेतली तर त्याचें उत्तर एकच असे: ओव्हेर्नला जावें आणि पाहावें.

दोन पक्षांतील खरा सामना मात्र स्कॉटलंडांत जुळला. एडिंबरो येथील जेम्स हटन हा वैद्यकाची पदवी घेतलेला गृहस्थ. परंतु वैद्यकी न करतां त्यानें बरींच वर्षें शेती केली, आणि त्याच्या सिद्धान्ताचें बीं त्या शेतांतच रुजलें. पावसानें शेतांतील माती वाहून जाते हें प्रत्येक शेतकरी पाहतो आणि चुकचुकतो. हटननें त्यापुढचा प्रश्न विचारला. माती म्हणजे झिजलेला दगड. माती नसेल तर पीक नाहीं. आणि माती तर अव्याहत समुद्राकडे चालली आहे. झीज एवढीच जर निसर्गांत असती, तर आजपर्यंत सारी भूमि समुद्रांत गेली असती. ज्या अर्थीं भूमि उरली आहे त्या अर्थीं ती नव्यानें घडविणारी शक्ति कोठें तरी असलीच पाहिजे. ती शक्ति म्हणजे पृथ्वीच्या पोटांतील उष्णता. समुद्रतळाचा गाळ तिनें घट्ट होतो, तिनें वर उचलला जातो, आणि वितळलेला दगड तिच्याच जोरानें वरच्या थरांत घुसतो. हा विचार १७८५ सालीं एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढें मांडला गेला आणि १७८८ मध्यें छापला गेला.

हटनच्या म्हणण्याप्रमाणें ग्रॅनाइट हा जगांतील पहिला खडक नव्हे; तो वितळलेल्या स्थितींत जुन्या खडकांत घुसलेला असला पाहिजे. त्याची परीक्षा करतां येण्यासारखी होती. त्याच वर्षीं तो स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांतील ग्लेन टिल्ट नांवाच्या दरींत गेला. तेथें नदीच्या पात्रांत काळपट थरांच्या खडकांतून तांबूस ग्रॅनाइटाच्या शिरा आडव्यातिडव्या घुसलेल्या त्याला दिसल्या. जो घुसतो तो मागाहून आलेला आणि घुसतांना प्रवाही असलेला, हें उघड होतें. त्या क्षणीं हटनला एवढा हर्ष झाला कीं, सोबतच्या वाटाड्यांना त्याला सोन्याची किंवा रुप्याची खाण सांपडली असें वाटलें. एडिंबरो शहराला लागूनच असलेल्या सॉल्सबरी क्रॅग्ज या कड्यांतहि त्यानें दाखवून दिलें कीं, काळा दगड गाळाच्या थरांमध्यें पाचरीसारखा शिरला आहे, त्यानें थर वांकविले आहेत, मोडले आहेत आणि भाजून टणक केले आहेत. पाण्यांतून शांतपणें खालीं बसणारा दगड दुसऱ्याला मोडीत नाहीं.

याहून महत्त्वाचा साक्षीदार १७८८ सालीं समुद्रकांठीं सांपडला. जॉन प्लेफेअर हा गणिती आणि सर जेम्स हॉल हा तरुण जमीनदार यांना घेऊन हटन होडींतून सिकार पॉइंट नांवाच्या खडकाळ टोंकाशीं गेला. तेथें खालीं करड्या खडकाचे थर पुस्तकें उभीं करून ठेवावीं तसे उभे आहेत, आणि त्यांच्या झिजलेल्या कडांवर तांबड्या वालुकाश्माचे थर जवळजवळ आडवे पसरलेले आहेत. पाहणाऱ्यानें एवढेंच मनांत आणावें: करडा गाळ प्रथम समुद्रांत आडवा सांचला, त्याचा दगड झाला, तो वळ्या पडून उभा झाला, पाण्याबाहेर येऊन झिजला, त्या झिजलेल्या तोंडावर तांबडी वाळू येऊन पडली, तिचाहि दगड झाला, आणि तोहि किंचित् कलून वर आला. सहा हजार वर्षांच्या पंचांगांत हें कसें बसावें? आजच्या मोजणीप्रमाणें खालचा खडक सुमारें ४३ कोटि वर्षांपूर्वींचा आणि वरचा सुमारें ३७ कोटि वर्षांपूर्वींचा आहे. त्या दोहोंमधील एका रेघेंत सहा कोटि वर्षें दडलेलीं आहेत. हटनला हे आंकडे ठाऊक नव्हते. परंतु काळाची खोली त्या दिवशीं तिघांनाहि दिसली, आणि त्या खोलींत डोकावतांना आपल्याला घेरी आली असें प्लेफेअरनें पुढें नमूद करून ठेवलें.

तथापि जलवाद्यांच्या हातीं दोन बिनतोड वाटणारे आक्षेप होते. पहिला असा: दगड वितळवून थंड केला तर कांच होते, मग बेसॉल्ट वितळलेला असता तर तो कांच कां नाहीं? दुसरा असा: चुनखडी तापविली तर तिच्यांतील वायु निघून जाऊन भट्टींतला चुना उरतो, मग उष्णतेनें संगमरवर कसा होईल? या आक्षेपांना उत्तर देण्याचें काम सर जेम्स हॉलनें केलें. लीथ येथील एका कांचेच्या कारखान्यांत वितळलेली कांच चुकून फार सावकाश निवाली आणि तिचा अपारदर्शक दगड झाला, हें त्याच्या पाहण्यांत आलें होतें. परंतु निसर्गाचे प्रचंड व्यवहार लहानशा मुशींत जोखण्यावर हटनचा विश्वास नव्हता. म्हणून वडीलधाऱ्या मित्राचा मान राखून हॉल थांबला. हटन १७९७ मध्यें वारला. पुढल्याच वर्षीं हॉलनें आपले प्रयोग विद्वानांपुढें ठेवले. त्यानें स्कॉटलंडचा काळा दगड आणि व्हेसूव्हियस व एटना यांचा लाव्हा भट्टींत वितळविला. लवकर निवविला कीं दोहोंचीहि कांच होई. सावकाश निवविला कीं दोहोंचाहि दाणेदार दगड होई. म्हणजे फरक द्रव्याचा नव्हता, वेळेचा होता. पुढें बंदुकीच्या नळींत चुनखडीची भुकटी कोंडून त्यानें ती तापविली. वायूला बाहेर पडण्यास वाव न मिळाल्यामुळें चुना न होतां संगमरवरासारखा स्फटिकमय दगड तयार झाला. पृथ्वीच्या पोटांत वरच्या खडकांचा भार हेंच काम करतो.

यानंतर जें घडलें तें या इतिहासांतील सर्वांत उदात्त प्रकरण म्हणावें लागेल. वेर्नरचा पराभव त्याच्या प्रतिपक्ष्यांनीं जेवढा केला त्याहून अधिक त्याच्या सच्छिष्यांनीं केला. दोब्युइसाँ या फ्रेंच शिष्यानें १८०३ सालीं सॅक्सनींतील बेसॉल्ट पाण्यांतूनच जन्मला असें प्रतिपादन करणारा निबंध प्रसिद्ध केला. पुढल्या वर्षीं तो ओव्हेर्नला गेला. देमारेनें पाहिलेलें त्यानेंहि पाहिलें. आणि आपलें मत चुकलें असें त्यानें उघडपणें सांगून टाकलें. लेओपोल्ड फॉन बुख हा तर वेर्नरचा सर्वांत नामांकित विद्यार्थी. त्यालाहि ओव्हेर्न पाहिल्यावर गुरूचें मत तेथें लागू पडत नाहीं हें मान्य करावें लागलें, आणि पुढें तो ज्वालामुखींचा मोठा अभ्यासक झाला. दोघांपैकीं कोणीहि गुरूचा उपमर्द केला नाहीं. दगड बारकाईनें पाहण्यास वेर्नरनेंच त्यांना शिकविलें होतें; त्यांनीं ती शिकवण गुरूच्या मतापलीकडे नेली, एवढेंच. उलट हटनच्या स्वतःच्या शहरांत रॉबर्ट जेम्सन हा वेर्नरचा शिष्य प्राध्यापक असून जुनेंच मत शिकवीत राहिला. १८२६-२७ च्या सुमारास एक कंटाळलेला विद्यार्थी सॉल्सबरी क्रॅग्जच्या पायथ्याशीं उभा राहून, काळ्या दगडाची ही शीर वरून पडलेल्या गाळानें भरली, हें निरूपण ऐकत होता. आणि भूगर्भशास्त्राचें पुस्तक जन्मांत पुन्हां उघडावयाचें नाहीं असा निश्चय त्यानें केला. त्या विद्यार्थ्याचें नांव चार्ल्स डार्विन. सुदैवानें निश्चय टिकला नाहीं. १८३१ मध्यें तो पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला तेव्हां चार्ल्स लायेलच्या भूगर्भशास्त्राच्या ग्रंथाचा पहिला खंड त्याच्याबरोबर होता. हटनचे विचार सर्वत्र पसरविणारा तो हाच लायेल; रूपांतरित खडक हा तिसरा वर्ग स्वतंत्र नांवानें रूढ करण्याचें श्रेयहि त्याच्याच १८३३ मधील खंडाकडे जातें.

या साऱ्या वादाचा मराठी मुलखाशीं संबंध अगदीं निकटचा आहे; कारण ज्या दगडाच्या कुळाचा निवाडा युरोपांत लहान लहान टेंकड्यांवर चालला होता, त्याच दगडाचा जगांतील एक प्रचंड विस्तार म्हणजे दख्खनचें पठार. आज उरलेलें त्याचें क्षेत्र सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर आहे, आणि सह्याद्रींत थरांची एकंदर जाडी दोन किलोमीटरांहून अधिक भरते. मुंबई सरकारच्या नोकरींतील लष्करी अधिकारी विल्यम साइक्स यानें १८३६ मध्यें छापलेल्या निबंधांत या आडव्या थरांचें सविस्तर वर्णन केलें. सह्याद्रीच्या कोणत्याहि घाटांतून वर पाहिलें तर कडा, मग उतार, मग पुन्हां कडा, अशी जिन्यासारखी रचना दिसते. स्वीडिश भाषेंतील जिन्याच्या शब्दावरूनच या खडकाला ट्रॅप हें नांव मिळालें. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक किंवा अनेक प्रवाह. कठीण, घट्ट भागाचा कडा होतो. सच्छिद्र, लवकर झिजणाऱ्या भागाचा उतार होतो. गड बांधणाऱ्यांनीं तट कोठें बांधावा आणि कोठें कड्यावरच भिस्त ठेवावी, हें याच रचनेनें ठरविलें. मुंबईंत अंधेरी येथें घरांच्या गर्दींत उभी असलेली गिल्बर्ट टेंकडी ही तर देमारेनें पाहिलेल्या स्तंभांचीच बहीण: निवतांना दगड आकसतो, त्याला भेगा पडतात, आणि त्या भेगा बहुकोनी खांबांच्या रूपानें आंत उतरत जातात.

हे प्रवाह एकामागून एक लगेच आले कीं मध्यें काळ गेला? याचें उत्तर मुंबईंतच एका बेडकानें दिलें. वरळीच्या टेंकडींत काळ्या पाषाणाखालीं शेलचा एक थर आहे. त्यांत लहानशा बेडकांचे सांगाडे सांपडले, आणि १८४७ सालीं रिचर्ड ओवेन यानें त्यांचें वर्णन केलें. बेडूक खाऱ्या पाण्यांत नांदत नाहीं, आणि तापलेल्या दगडावर तर नाहींच नाहीं. म्हणजे एका उद्रेकानंतर भूमि थंड झाली, पावसाच्या पाण्याचें डबकें सांचलें, त्याच्या कांठीं जीवन फुललें, आणि मग वरून दुसरा प्रवाह आला. निर्मळच्या डोंगरांत माल्कमसन याला गोड्या पाण्यांतील शंख मिळाले. नागपूरजवळ टाकळी येथें स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनीं शंख, मासे, कीटक, फळें व बिया शोधून १८५५ मध्यें त्यांची हकीकत छापली. दोन प्रवाहांच्या सांध्यांत पुष्कळ ठिकाणीं गेरूसारखा तांबडा थर दिसतो. तोहि असाच मधल्या विश्रांतीचा, झिजेचा पुरावा. १८६७ मध्यें ब्लॅनफर्ड या भूगर्भवेत्त्यानें या सर्व निरीक्षणांची एकत्र मांडणी केली. पाण्यांत जन्मला असें ज्याच्याविषयीं म्हटलें गेलें, त्या काळ्या पाषाणाच्या थरांमध्येंच पाण्याच्या डबक्यांनीं त्याच्या अग्निजन्मावर साक्ष दिली.

वय ठरविण्याचें साधन त्या काळीं कोणाजवळहि नव्हतें. १८९६ मध्यें बेकेरेलनें किरणोत्सर्गाचा शोध लावला, आणि युरेनियमचें शिसें होण्याची गति ठरलेली आहे असें आढळल्यावर दगडालाच घड्याळ लाभलें. पृथ्वीचें वय सुमारें ४५५ कोटि वर्षें, असें क्लेअर पॅटर्सन यानें १९५६ सालीं अशनींतील शिशावरून दाखविलें. दख्खनचे प्रवाह या घड्याळाप्रमाणें सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचे ठरतात, आणि त्यांतील फार मोठा भाग अवघ्या दहा लक्ष वर्षांच्या आंतबाहेर ओतला गेला. आज जेथें रियुनियन बेट आहे तेथील खोल उष्ण उद्गमावरून भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत असतां हें घडलें, असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्याच सुमारास पृथ्वीवरील महाकाय सरडे, म्हणजे डायनोसॉर, नाहींसे झाले. १९८० मध्यें आल्व्हारेझ पितापुत्रांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या नाशाचें कारण आकाशांतून आदळलेली अशनि हें होय असें मांडलें; दुसरा पक्ष दख्खनच्या उद्रेकांकडे बोट दाखवितो. अशनीचा आघात आज सामान्यतः प्रमुख मानला जातो. दख्खनचा त्यांत वांटा किती, हा वाद मात्र चालूच आहे. काळ्या पाषाणाभोंवतीं पुन्हां दोन पक्ष उभे आहेत.

या प्रचंड शिलासनाच्या खालीं काय आहे, हेंहि आतां कळलें आहे. कोयनेच्या परिसरांत १९६७ च्या भूकंपाचें कारण शोधण्यासाठीं एकविसाव्या शतकांत खोल छिद्रें घेण्यांत आलीं. नऊशें मीटरांहून अधिक बेसॉल्ट ओलांडल्यावर एकदम ग्रॅनाइट व त्याचेच रूपांतरित भाईबंद लागले. म्हणजे अतिप्राचीन खडक झिजून उघडे पडले होते आणि त्यांच्यावर हा काळा रस पसरला. सिकार पॉइंटची ती रेघ सह्याद्रीच्या पोटांतहि आहे.

आणि तो काळा पाषाण तरी थिजल्या दिवसापासून तसाच राहिला आहे काय? त्याच्यांतील वायूचे बुडबुडे रिकामे होते. त्यांत पाणी झिरपलें आणि पांढऱ्या, हिरव्या, गुलाबी स्फटिकांनीं त्या खळग्या भरून काढल्या. पुणें, नाशिक व जळगांव या भागांतील हे स्फटिक जगांतील वस्तुसंग्रहालयांत मानानें मांडलेले आहेत. जलवादी अगदींच खोटें बोलत नव्हते, असें या ठिकाणीं म्हणणें भाग आहे: दगड अग्नीचा, परंतु त्याचे अलंकार पाण्याचे. अधिक पावसाच्या उष्ण प्रदेशांत हाच पाषाण कुजतो; त्यांतील सिलिका, चुना व क्षार धुऊन जातात आणि लोह व ॲल्युमिनियम मागें उरून तांबडा जांभा तयार होतो. महाबळेश्वर व पांचगणी यांचे माथे जांभ्याचे आहेत. कोंकणांत व गोमंतकांत त्याचे चिरे काढून घरें बांधतात; खाणींत तो कुऱ्हाडीनें तासण्याइतका मऊ, आणि हवेंत राहिला कीं टणक. फ्रान्सिस बुकॅनन यानें मलबारांत अंगाडिपुरम येथें हा दगड पाहिला व विटेच्या लॅटिन नांवावरून १८०७ मध्यें त्याला लॅटराइट हें नांव दिलें. पठारावरील कोरड्या हवेंत तोच पाषाण निराळ्या वाटेनें झिजून कापसाची काळी जमीन होते. हटनच्या शेतांतील प्रश्न विदर्भाच्या शेतांतहि तितकाच खरा आहे: शेतकरी ज्या मातींत पेरतो ती माती म्हणजे वाटेवर असलेला दगड.

विजय कोणाचा झाला असें विचारलें तर बेसॉल्टापुरता तो अग्निवाद्यांचा झाला. परंतु हटनहि सर्वत्र बरोबर नव्हता. गाळाचा दगड होण्यास दरवेळीं उष्णताच लागते असें त्याला वाटे. तें खरें नाहीं. भूमि वर उचलणाऱ्या शक्तीचें स्वरूप तर विसाव्या शतकांत, भूपट्ट सरकतात व एकमेकांखालीं जातात हें १९६० नंतर कळल्यावरच, उलगडलें. त्याची मूळ दृष्टि मात्र टिकली: आज जें चाललें आहे त्यानेंच पूर्वींचें सारें घडलें, आणि त्याला हवा तेवढा वेळ मिळाला होता. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील जॅक हिल्स येथें सुमारें ३०० कोटि वर्षांपूर्वींच्या गाळाच्या खडकांत झिरकॉन नांवाच्या खनिजाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कण आहेत. त्यांतील कांहींचें वय ४४० कोटि वर्षें भरतें. ज्या खडकांत ते जन्मले तो केव्हांच नाहींसा झाला. तेवढा एक कण नदींतून वाहिला, वाळूंत पडला, पुन्हां दगडांत चिणला गेला, तापला, दबला, आणि तरीहि आपली जन्मतिथि सांगूं शकतो.

गोदावरी त्र्यंबकेश्वरीं याच काळ्या पाषाणांतून निघते. पावसाळ्यांत तिचें पाणी गढूळ होतें, तेव्हां सह्याद्रीचा व पठाराचा कांहीं भाग विरून पूर्वेकडे चाललेला असतो. बंगालच्या उपसागराच्या तळाशीं तो थर होऊन पडतो, आणि त्यावर पुढल्या वर्षींचा थर पडतो. त्यांतून एके काळीं शेल होईल, कदाचित् पाटीचा दगड होईल, आणि तो कधीं तरी एखाद्या नव्या पर्वताच्या कड्यांत उघडा पडेल. तोपर्यंत किती कोटि वर्षें जातील हें महत्त्वाचें नाहीं. तें काम आज, याच वर्षींच्या पावसांतहि, चालू आहे.